कॉर्नरवरचा गोल

उचगावात हायवेवरून आत वळलं की पंक्चरवाल्याच्या शेजारी आफशीन मुल्लाणीचं दुकान लागतं, त्याला लागूनच घर. लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग ती करते आणि जुन्या हँडीकॅमच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देते. हे दुसरं काम आता फारसं कुणी करत नाही. त्या कॅसेटी चालवणारा कॅमेराच कुणाकडे उरलेला नाही. आफशीनकडे दोन आहेत. एकाचे भाग काढून तिने दुसरा जिवंत ठेवलाय.

म्हणूनच अदिती सरनोबत शहरातून तिला शोधत आली. हातात बुटांचा खोका आणि खोक्यात कॅसेटी.

"आमच्या वडिलांना, अप्पांना, साठ वर्षं पूर्ण होतायत. सत्कार आहे. ते जुना पार तालमीच्या फुटबॉल संघाचे कॅप्टन होते. मॅचचं शूटिंग ज्ञानूकाका करायचे. काका वारले, आता काकूंनी माळा आवरताना ह्या मला दिल्या. अप्पांना काही माहीत नाही, सरप्राइज आहे. ह्यातनं एक छान फिल्म करून द्याल?"

अप्पा सरनोबत. आफशीनचा हात खोक्यावर तसाच राहिला.

"देते की," ती म्हणाली. अदितीने नाव विचारलं तेव्हा तिने फक्त आफशीन सांगितलं. आडनाव सांगितलं नाही.

आफशीनचे वडील चमन मुल्लाणी त्याच संघाचे गोलकीपर होते. ती पोटात असताना तालीम फायनलला गेली होती. समोर पलीकडच्या पेठेचा संघ होता आणि त्या संघात चमनचा मेव्हणा उजैर होता. मॅच संपत आली तरी गोल नव्हता. मग उजैरने कॉर्नर मारला, गोलसमोर धुरळ्यात सात-आठ जण एकमेकांवर आदळले आणि चेंडू जाळीत गेला. चमन उठायच्या आधीच कॅप्टन अप्पा भरल्या स्टेडियमसमोर त्यांच्या अंगावर धावून गेला.

"मेव्हण्यासाठी सोडलास व्हय रं?"

"तुझ्या पायाला लागला, अप्पा!" चमन ओरडत होते. कुणी ऐकलं नाही. उलट कॅप्टनवर ढकलतोय म्हणून आणखी चिडले. संध्याकाळपर्यंत चमनने गोल सोडला हे सगळ्या पेठेत झालं होतं. दाराला कुणीतरी बांगड्यांची माळ अडकवून गेलं. तालमीत संघाचा फोटो होता, त्यात चमनच्या तोंडावर काळी पट्टी चिकटली. चमनची बायको नजीरा भावाला म्हणाली, "तुझ्या कॉर्नरनं माझं घर उठलं," आणि त्यानंतर माहेरी गेली नाही. मुल्लाणी उचगावला राहायला आले. चमन टेम्पो चालवू लागले. सीझन सुरू झाला, अख्खं कोल्हापूर स्टेडियमकडं निघालं, की ते मुद्दाम लांबचं भाडं घ्यायचे.

खोका घेताना आफशीनच्या मनात एकच होतं: नासवायच्या. उन्हात टाकल्या तरी भागेल. पण वडिलांना खेळताना तिने कधी पाहिलं नव्हतं. आधी बघू, मग नासवू, असं तिने ठरवलं.

कॅसेटींना बुरशी चढली होती. ती तिने कापसाने पुसली, पट्टी एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवून मोकळी केली, कॅमेऱ्याच्या वायरी कॉम्प्युटरला जोडल्या. ह्या कामात घाई चालत नाही. मॅच जेवढी लांब, तेवढा वेळ समोर बसावं लागतं.

आणि तिला अब्बा दिसले. सडसडीत, मानेवर केस, अंगात पिवळी जर्सी. पुढच्या पोरांवर ते खच्चून ओरडत होते. आफशीनने आवाज वाढवला. घरी पाणी मागतानाही हा माणूस पुटपुटतो, आणि इथे त्याच्या आवाजाने स्पीकर फाटत होता.

फायनल वेगळ्या कॅसेटीत होती. चित्राच्या तळाशी पांढऱ्या रेघा थरथरत होत्या, पण ज्ञानू त्या दिवशी गोलच्या जाळीमागेच उभा होता. कॉर्नर आला. आफशीनने वेग कमी केला, मग आणखी कमी केला, मग एकेक चित्र पुढे सरकवलं. चमन बरोबर चेंडूच्या दिशेने झेपावले होते. मधेच अप्पाचा पाय आला. चेंडू त्याच्या नडगीला लागून वळला आणि चमनच्या मागून जाळीत गेला.

अब्बा खरं सांगत होते, आणि आता ते डोळ्यांना दिसत होतं.

एवढ्यावर थांबलं नाही. मॅच संपल्यावर ज्ञानूने कॅमेरा गळ्यात अडकवला होता, पण बंद केला नव्हता. चित्रात नुसता धुरळा आणि बूट, वर आवाज.

"ज्ञानू, गोलचं शूटिंग झालंय का रं?"

"व्हय."

"पूस ते. माझ्या पायाला लागलाय. भाईर कळलं तर पेठेत तोंड दावाया जागा न्हाय."

"आन् चमन?"

"त्येचं काय? मेव्हणा हाय त्येचा तिकडं. लोकांना पटतंय की."

ज्ञानूने पुसलं नव्हतं. कुणाला दाखवलंही नव्हतं.

आफशीनने घरी काही सांगितलं नाही. नासवायचा विचारही सोडला. फिल्म तिने मन लावून केली. अप्पाचे गोल, अप्पाच्या हातातला कप, खांद्यावर घेऊन निघालेली मिरवणूक, मागे हलगीचा आवाज. जेवढा उंच चढवता येईल तेवढा चढवला. खाली ढकलायचं तर उंची हवी. अदितीला दाखवली तेव्हा शेवट जोडलेला नव्हता.

"एक तुकडा बाकी आहे," आफशीन म्हणाली. "हॉलमध्ये मीच येऊन लावते."

रविवारी सकाळी हॉल भरला होता. जुने खेळाडू फेटे बांधून पुढच्या रांगेत बसले होते, मधे हार घातलेला अप्पा. फिल्म सुरू झाली तशा शिट्ट्या पडल्या. अप्पा हसत होता, शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारत होता. मग पडद्यावर फायनल आली आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला.

गोल एकदा नेहमीच्या वेगात. एकदा सावकाश. मग एकेक चित्र: चेंडू, नडगी, जाळी. मग काळा पडदा, अप्पाचा तरुण आवाज, आणि शब्द नीट कळावेत म्हणून खाली लिहिलेली अक्षरं. "लोकांना पटतंय की."

"बंद कर ते!" अप्पा ओरडला. "ए पोरी, बंद कर!"

आफशीनने लॅपटॉपवर हात दाबून धरला. तिने कितीतरी दिवस ह्या चेहऱ्याची कल्पना केली होती. आता तो समोर होता आणि तिने नजर हलवली नाही.

"कोण गं तू?"

"चमन मुल्लाणीची पोरगी."

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या फुलबॅकने डोक्यावरचा फेटा उतरवून खुर्चीवर ठेवला आणि तो चालू पडला. त्याच्या मागून दुसरा उठला. मग खुर्च्या सरकल्याचेच आवाज येत राहिले.

अदितीने तिला जिन्यात गाठलं. ती रडत होती. "माझा काय दोष होता ह्यात?"

"काहीच न्हवता," आफशीन म्हणाली. "माझाबी न्हवता."

घरी आल्यावर तिने आईवडिलांना लॅपटॉपसमोर बसवलं. चमननी स्वतःची झेप पुन्हा पुन्हा लावायला सांगितली. "बघ, बरोबर गेलतो की," ते म्हणाले. पण अप्पाचा आवाज ऐकून त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, की गडबडीत अप्पाला कळलंच नसेल. नजीरा उठून आत गेली आणि तिने भावाला फोन लावला. बराच वेळ आतून नुसतं तिचं रडणं येत होतं.

त्याच आठवड्यात अप्पा आला. बरोबर पेठेतले दोन वडीलधारे, हातात शाल. चमन दारात उभे राहिले.

"चमन, चुकलो मी."

"पावणं, कुणाकडं आलासा?"

"आरं, मी अप्पा."

"वळखलं न्हाय."

बरोबरचा एक जण मधे पडला. "चमन, झालं गेलं इसर. माणूस पाया पडाया आलाय."

"माझा बा त्याच साली मेला," चमन म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण पंक्चरवाला हातातलं काम टाकून बघू लागला. "मयतीला खांदा द्याया तालमीतलं एक माणूस आलं न्हाय. म्या वाट बघून रिक्षावाल्यांस्नी बोलवलं. तवा यायचं हुतं. आता काय करू तुमच्या पाया पडण्याचं?"

त्यांनी दार लावलं. धाडकन नाही, सावकाश, कडी घालून.

आफशीन खिडकीशी होती. अप्पा बराच वेळ शाल हातात धरून उन्हात उभा राहिला. आळीतली माणसं बघायला जमली होती. कुणीतरी मोबाइल काढला होता. अप्पाची गाडी हायवेला लागेपर्यंत आफशीन खिडकीतून हलली नाही. वाईट वाटेल म्हणून तिने थोडी वाट पाहिली. वाटलं नाही.

मग आत जाऊन ती पोटभर जेवली.