आक्कांचा कॉम्प्युटर

जुने हस्तलिखित दाखले टाइप करून देणारं आमचं ऑफिस. टायपिंगच्या खोलीत चार कॉम्प्युटर, चारही वरच्या मजल्यानं टाकून दिलेले. मेमरी इतकी कमी, की लिहायचा प्रोग्रॅम उघडायला लावून माणूस चहा पिऊन यायचा. अक्षर दाबलं की पडद्यावर उमटायला वेळ. आणि साहेब दमात घेणार, "पानं कमी भरली तर घरी बसवीन!" अहो, आधी मशीन बघा की! पण नवं मागितलं की साहेबांना ऐकूच यायचं नाही.

मशीनं सांभाळायचं काम माझं. डोकं सणकलं माझं. म्हटलं, लिहायचा हलका प्रोग्रॅम शोधूनच दाखवतो. पहिला सापडला, त्यालाच आमच्या मशीनपेक्षा जास्त मेमरी हवी. दुसऱ्यानं जोडाक्षरांची पार वाट लावली. तिसरा मात्र इवलासा, नुसता लिहिण्यापुरता. टिचकी मारली की हजर. माझी कॉलर ताठ!

चौघी टायपिस्टांपैकी तिघींनी लगेच बसवून घेतला. आक्का तेवढ्या म्हणाल्या, "मला नको रे. माझं चाललंय." आक्का खोलीतल्या सगळ्यात जुन्या, निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या. मला वाटलं, नव्याला घाबरतात. त्या जेवायला गेल्या तेव्हा मी गुपचूप बसवून टाकला. वर चेष्टा केली, "आक्का, आता सुटा सुसाट!" त्या हसल्या नाहीत.

महिनाअखेरीला तिघींची पानं दुप्पट झाली. आक्कांची होती तेवढीच. साहेब खाली आले. "आता कुठल्या मशीनचं नाव सांगणार, बाई?"

आक्कांनी हात टेबलाखाली घेतले. तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. सांधे सुजलेले, दोन बोटं तर वळतच नव्हती. इतकी वर्षं रोज समोर वावरलो, पण मला मेल्याला कधी दिसलं नाही.

"पुढच्या महिन्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले.

"साहेब, चूक माझी आहे," मी मध्ये पडलो.

"चूक कसली? चांगलं काम केलंस." माझी पाठ थोपटून ते जिना चढून गेले.

आक्का खण रिकामा करायला लागल्या. मी म्हणालो, "जुना प्रोग्रॅम परत टाकू का? आत्ता टाकतो."

"आता काय उपयोग?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "त्याच्या आड माझं झाकून जात होतं रे. दोनच वर्षं काढायची होती."