भिंतीवरचा नेम

"दोरा तोडला तं तोडला, वरून खोटं बोलून राहिली?"

"खोटं कशाले बोलू? तोडलाच मी. माह्या रिळाचा होता तो. प्रेमिलाच्या ब्लाउजले लावाचा मरून रंगाचा दोरा, अन् तू बंदुकीले गुंडाळून बसला."

"म्हणजे बंदुकीले हात लावला. तेच कळाले बांधला होता तो."

"दोऱ्याले लावला."

गिरिधर कमरेवर हात ठेवून बहिणीकडे पाहत राह्यला. शामला हातमशीन फिरवून राहिली होती, मान काही वर करे ना. मान वर न करणाऱ्या माणसावर गिरिधरचा भरवसा नव्हता. मान वर करणाऱ्यावर बी नव्हता. बाबा कोराडीच्या वीजघरात रात्रपाळी करून आलते, आतल्या खोलीत तोंडावर दुपट्टा घेऊन झोपले होते, म्हणून हे सारं भांडण दबक्या आवाजात चाललं होतं. अन् दबक्या आवाजात भांडा लागलं की गिरिधरच्या कानशिलावरची शीर अजूनच उडे.

बंदूक काटोलच्या देवरावमामाची. छर्ऱ्याची, स्प्रिंगवाली. नळी मधातून मोडून खाली दाबली की आतली स्प्रिंग आवळते, मंग छर्रा ठेवून नळी सरळ कराची. मामा तिनं संत्र्याच्या बागेतले पोपट उडवे. म्हातारपणी त्याचे डोळे गेले अन् बंदूक सक्करदऱ्याले गिरिधरच्या घरी आली. तवापासून गिरिधरले दुसरं काही सुचलं नाई. नववीत मास्तरसोबत हातापायी करून शाळा सोडली, त्यानंतर इतक्या मन लावून त्यानं हेच एक काम केलं होतं.

अन् आज दुपारी सदरकडच्या रायफल क्लबात नव्या पोरांची चाचणी होती. बंदूक आपापली आणाची, उभं राहून माराचं. बाबांनी एकदाच सांगतलं होतं, "क्लबात घेतलं तं खेळ. नाई घेतलं तं उद्या माह्यासोबत कोराडीले चालाचं. राखेच्या ठेकेदाराले बोलून ठेवलं हाय मी." राखेच्या ट्रकवरचे पोरं गिरिधरनं पाह्यले होते. त्याईच्या पापण्या बी पांढऱ्या असत.

गोष्ट अशी होती का बंदुकीचा नेम रात्रीतून बदले. रोज संध्याकाळी गिरिधर मागच्या आंगणात जाये, कंपाउंडच्या ठेंगण्या भिंतीवर बंदूक टेकवे, नेम धराच्या मागच्या खाचेचा स्क्रू जरासा इकडं, जरासा तिकडं करे. रेतीच्या पोत्याले पुठ्ठा लावला होता, त्यावर कोळशाचं गोल. छर्रे बरोबर गोलात जात. मंग तो खुशीत बंदूक मशीनच्या मागं उभी करून झोपे. अन् सकाळी उभं राहून मारलं की छर्रा गोलाच्या खाली. रोजच खाली. म्हणजे रात्री कोणीतरी स्क्रू फिरवते.

कोण? आई माहेरी लग्नाले गेलती, तिच्यावर शक घ्याची सोय नव्हती. बाबा रातभर कोराडीले. उरली शामला. अन् कारण बी होतं. परवाच ती टेपनं कोपरा मोजून राहिली होती, जिथं गिरिधरची खाट असते तो.

"मी कोराडीले गेलो की तुही मशीन तिथं मांडाची हाय ना?"

"खाट सरकवली तं खिडकीचा उजेड येते, म्हणून मोजला. तू घरी राह्यला तरी सरकवीनच."

"स्क्रूवर मी नखपॉलिशचा ठिपका लावला होता. फिरवला की कळाले."

"मंग? फिरला का?"

"नाई."

"मंग झालं ना गा."

"झालं कसं? पॉलिशची बाटली कोणापासी हाय?"

शामलानं आता मान वर केली. "माह्यापासी."

"तेच तं. फिरवला अन् नवा ठिपका लावला."

ती हसली. हसली तशी गिरिधरनं समोरच्या पाटाले लाथ मारली. पाट भिंतीवर आपटला. आतून बाबा खोकलले. शामलानं मशीनच्या सुईखालचा दोरा कापला, दात आवळून म्हणाली, "चाल मागं. माह्यासमोर मार. अन् मार खाल्ल्यासारखं तोंड करू नको."

मागच्या आंगणात धुण्याच्या दगडावर तिले बसवलं. "हात मांडीवर ठेव. मले दिसले पाहिजेत."

"पाय बी बांधतं का?"

गिरिधरनं बंदूक भिंतीवर टेकवली. श्वास धरला. फट्. छर्रा गोलाच्या मधात.

"पाह्य," शामला म्हणे. "रात्री मी बिघडवली होती ना? मंग आता काहून लागला?"

तो तसाच सरळ उभा राह्यला, बंदूक उचलून हातात घेतली, मारली. गोलाच्या खाली. त्यानं गर्रकन मागं पाह्यलं. शामलाचे हात मांडीवरच होते. पुन्हा मारली. खालीच.

आता दोन छर्ऱ्यांच्या मधात तं कोणी हात लावला नव्हता. त्यानं छर्ऱ्याच्या डब्बीकडं पाह्यलं, डब्बी त्याच दुकानाची. हवेकडं पाह्यलं, वाळत घातलेलं लुगडं हलत बी नव्हतं. मंग त्याले दिसलं. भिंतीवर जिथं बंदूक रोज टेके तिथला चुना खरवडला होता, विटेत लहानसा खड्डा पडला होता. बंदुकीच्या पुढच्या लाकडाले खालून पांढरं लागलं होतं, अन् तेही एका जागी नाई, चांगलं बोटभर लांब. त्यानं बोट फिरवलं.

"ही उडते," तो हळूच म्हणाला. "छर्रा सुटाच्या पहिले उडते."

"माही मशीन बी तसंच करे," शामला म्हणाली. "उघड्या फरशीवर ठेवली की नाचे. टाका मी इथं घालू अन् पडे तिथं. खाली पोतं घातलं तवा गप बसली."

"पोतं आण."

"आता हात उचलू का मांडीवरून?"

"आण ना वं."

भिंतीवर पोत्याची घडी घातली, त्यावर बंदूक टेकवली. छर्रा गेला तो ना गोलात ना पार खाली, मधातच कुठंतरी. गिरिधर पुठ्ठ्याजवळ जाऊन भोकं पाहत राह्यला. आत स्प्रिंग सुटते, धक्का बसते, खाली कडक वीट असली की ती बंदुकीले वर फेकते. त्या फेकलेल्या बंदुकीचा नेम तो रोज संध्याकाळी बरोबर लावून राहिला होता. नेम बरोबरच होता, पण तो भिंतीचा होता. क्लबात भिंत कुठून राहीन?

"म्हणजे रोज मीच बिघडवून राहिलो होतो."

त्याले लई राग आला, अन् राग कोणावर काढावा हे समजत नव्हतं. त्यानं बंदूक घट्ट आवळून खांद्याले दाबली अन् धडाधड मारत सुटला. एक डावीकडं, एक खाली, एक तं पुठ्ठ्याच्या बाहेर पोत्यात.

"गळा धरल्यासारखी काहून धरतं?" शामला म्हणे. "चक्कीवरून दळण आणतं तवा डब्याले खालून हात देतं ना, तसा दे. डब्बा काही आवळत नाई आपण."

"तुले काय समजते बंदुकीतलं?"

"काही नाई. तू मार तुह्या मनानं."

गिरिधरनं डावा तळवा मोकळा केला, बंदुकीच्या खाली नुसता ठेवला, बोटं वळवलीच नाई. खांद्याले टेकवली तीही जराशीच. फट्. बंदूक तळव्यावर मागंपुढं सरकली, सरकू दिली. पुन्हा तसंच. जाऊन पाह्यलं तं दोन्ही भोकं एकमेकांले चिकटलेले. गोलाच्या खाली, पण चिकटलेले.

आता फक्त खाच वर घ्याची होती. पण दर वेळी बंदूक खाली घेतली, पेचकस धरला, की हाताची ती मोकळी पकड जाये, बोटं आपोआप वळत. दोनदा तसं झालं. वेळ जाऊन राहिला होता. त्यानं बंदूक खांद्यालेच ठेवली, डोळा नळीच्या टोकावरच्या माशीवर ठेवला अन् उजव्या हातानं मशीनचा पेचकस बाजूले धरला.

"घे."

"मी?"

"तूच. स्क्रू फिरव. उजवीकडं, अर्धा."

शामलानं पेचकस घेतला. त्याले तिचे हात दिसत नव्हते, नुसता मशीनच्या तेलाचा वास येऊन राहिला होता. स्क्रू किर्र वाजला.

"कोणत्या बाजूनं फिरवून राहिली?"

"तू सांगतली त्याच."

"पक्कं?"

"बंदूक खाली घेऊन पाह्य वाटलं तं."

त्याले पाहावंसं लई वाटलं. मान वळवली असती तं सारं दिसलं असतं. त्यानं वळवली नाई. मारली. छर्रा गोलाच्या रेघेले लागला.

"अजून जरासा," तो म्हणाला. किर्र. मारली. गोलाच्या आत, मधात नाई पण आत.

आतून बाबांचा झोपेतला आवाज आला, "गिरिधर, किती वाजले रे? बुर्डीची बस जाईन ना."

"अजून एक मार," शामला म्हणाली. "एकावरून काय समजते."

गिरिधर बंदूक चादरीत गुंडाळून राहिला होता. छर्ऱ्याची डब्बी खिशात टाकली, चप्पल पायात अडकवली.

"नाई मारत. हा खाली गेला तं मी पुन्हा तुह्यावरच शक घेईन. सरक बाजूले, मले आता निघा लागते."