जावई गाडी कशी चालवतात?

नियमकाकांच्या गाडीने आजवर गॅरेजचं तोंड पाहिलं नव्हतं. ऑइल बदलायचं तर काका, ब्रेकचे पॅड घालायचे तर काका, वायपर कुरकुरला तरी काकाच. गॅरेजवाले सगळे चोर, हे त्यांचं पहिलं मत. दुसरं मत असं, की जगात माणसं दोनच प्रकारची, नियम पाळणारी आणि न पाळणारी, आणि सगळा समाज बुडतोय तो दुसऱ्या प्रकारामुळे. ही मतं ऐकायला गल्लीत कुणी राजी नव्हतं, पण काकांचं त्यावाचून काही अडत नसे. रविवारी सकाळी घरासमोर गाडीचं बॉनेट उघडलं, की येणारा-जाणारा एक तरी तावडीत सापडायचाच. हात इंजिनात आणि तोंड समाजात, असा त्यांचा रविवार चाले. लोक पाठीमागे हसत. पण कुणाची बॅटरी बसली की आधी काकांचंच दार वाजे, आणि काकाही कायद्याचा एक डोस पाजून का होईना, गाडी चालू करून देत.

या दोन प्रकारांत जावई कुठे बसतो, हे काकांनी लग्नाआधीच ठरवून टाकलं होतं. जावई कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. लग्न लेकीने स्वतः जमवलेलं. काकांनी विरोध केला नाही, कारण मुलगी सज्ञान, कायद्याने तिचा हक्क, आणि कायद्यापुढे काका कधी जात नसत. फक्त जावई घरी आला की ते पेपरातली अपघाताची बातमी मोठ्यांदा वाचत, ‘रस्ता यांना बापाचा वाटतो’ असं म्हणत, आणि मग चष्म्यावरून बघून जोडत, ‘तुम्हाला नाही हं म्हणत, जावईबापू.’ जावई हसून म्हणायचा, ‘नाही बाबा, कळलं.’ लग्न झाल्यापासून त्याला हे असं कळतच होतं.

त्या रविवारी काकांनी पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करायला काढली. तीन चाकं झाली. चौथं, पुढचं डावं, बसवलं, नट हाताने फिरवून जागेवर आणले, जॅक उतरवला आणि आता पान्याने जोर लावून नट आवळायचे, तेवढ्यात समोर एक टेम्पो आला आणि त्याने दोन चाकं सरळ फुटपाथवर चढवली. शेजाऱ्यांचं कपाट उतरवायचं होतं. काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. पाना हातात तसाच घेऊन ते तिकडे धावले.

“फुटपाथ कुणासाठी असतो?” त्यांनी विचारलं.

टेम्पोवाल्याची नजर पान्यावर होती. “काका, आधी ते खाली ठेवा. मग काय ते बोला.”

काकांनी पाना शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवला आणि ते बोलले. पादचाऱ्यांच्या हक्कावर बोलले, दंडावर बोलले, पुढारलेल्या देशांवर बोलले. चार माणसं जमली. कपाट अर्धं टेम्पोत आणि अर्धं बाहेर, असं लोंबकळत राहिलं. शेवटी टेम्पोवाला हात जोडून म्हणाला, ‘चुकलं बाबा माझं,’ आणि टेम्पो खाली घेतला. काका जिंकले. जिंकलेला माणूस घरी कसा येतो, ते सांगायला नको. त्याच तोऱ्यात त्यांनी चाकाचं झाकण ठोकून बसवलं, हात धुतले आणि काकूंना सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. चौथ्या चाकाचे नट झाकणाखाली हाताने फिरवलेले तसेच राहिले.

गुरुवारी जावयाची सुट्टी होती. लेकीला शिलाई मशीन आणायचं होतं म्हणून दोघांनी गाडी मागून नेली. उताराच्या वळणावर पुढचं डावं चाक निखळून आपल्या वाटेने निघून गेलं. गाडी भिंतीला घासत थांबली. बाजूने जाणारा एक सायकलवाला पडला, त्याचा हात मोडला. लेकीच्या कपाळाला टाके पडले. जावयाला खरचटलंसुद्धा नाही, आणि तेही त्याच्या विरोधातच गेलं.

संध्याकाळी पोलीस घरी आला. गाडी काकांच्या नावावर होती. काकांनी त्याला खुर्ची दिली, गाडीचे कागद क्रमाने मांडले. लेक दवाखान्यातून घरी गेली आहे, बरी आहे, हे कळलं होतं, त्यामुळे त्यांचा जीव भांड्यात पडला होता आणि जीभ मोकळी झाली होती.

“गाडीत काही दोष होता?” पोलिसाने विचारलं.

“शक्यच नाही. रविवारीच मी स्वतः चाकं बदलली आहेत. माझ्या हातची गाडी आहे.”

“मग चाक निघालं कसं? जावई गाडी कशी चालवतात?”

इथे दुसरा कुणी म्हणाला असता, मला माहीत नाही. पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. “वेग,” काका म्हणाले. “शंभर टक्के वेग. खड्ड्यातून दामटली असणार. बसची सवय ना! या लोकांना चाकाखाली काय येतं त्याची फिकीर नसते. नात्याकडे बघून मी खोटं बोलणार नाही. लिहा तुम्ही.”

पोलिसाने लिहिलं. काकांनी सही केली. आतून काकू म्हणाल्या, “अहो, तिला तरी विचारायचं आधी.” काका म्हणाले, “कायद्याला नाती नसतात.” असं काही बोलायची संधी मिळाली याचं त्यांना मनातून थोडं बरंही वाटलं, हे इथे सांगून टाकलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी काकूंना लेकीचा फोन आला. जावयाचं लायसन्स पोलिसांनी ठेवून घेतलं होतं. डेपोच्या साहेबांनी चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं होतं, आणि दोष त्याचा ठरला तर नोकरीच जाणार होती. काकू फोन ठेवून म्हणाल्या, “जावई विचारत होते, बाबा गाडीवरून फार रागावलेत का? म्हणाले, गाडीचं काम मी करून देतो, त्यांना म्हणावं जिवाला लावून घेऊ नका.”

काका काही बोलणार, एवढ्यात फाटकाशी शेजारी उभा राहिला. हातात पाना.

“काका, हा तुमचाच ना? रविवारपासून आमच्या भिंतीवर पडलाय. टेम्पोवाल्याला झापलंत तेव्हा ठेवलात तो राहिलाच.”

काकांनी पाना घेतला. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय, ते त्यांना तेव्हा कळलं. टेम्पोवाल्याला ऐकवलेलं भाषण त्यांना शब्दान् शब्द आठवत होतं. चौथ्या चाकाचा नट आवळताना मनगटाला बसतो तो शेवटचा झटका मात्र काही केल्या आठवेना. आठवणार कुठून? पाना भिंतीवर होता. “अहो, काय झालं? बसा आधी,” काकू म्हणाल्या. ते बसले. काय झालं ते सांगितलं नाही.

मग दोन दिवस ते मूग गिळून बसले. या दोन दिवसांबद्दल बोलायला मलाही संकोच वाटतो, पण वगळून चालणार नाही. लोकांसाठी ज्या माणसाकडे फक्त कायदा होता, त्याच्या मनात स्वतःसाठी वकील निघाला. वकील म्हणायचा, नट आवळले नव्हते याला पुरावा काय? म्हणायचा, ड्रायव्हरने गाडी नेताना चाकं बघायला नकोत का? म्हणायचा, वेग नव्हताच असं तरी कुठे सिद्ध झालंय? प्रत्येक मुद्द्यापाशी काकांना घटकाभर हायसं वाटे आणि लगेच लेकीच्या कपाळावरचे टाके डोळ्यांपुढे येत. जेवायला बसले तर घास फिरायचा. रस्त्यावर एक जण एकेरी मार्गातून उलटा आला आणि सवयीने काकांचं तोंड उघडलं, तर आवाजच निघाला नाही. तो माणूस बिचारा शिव्या खायच्या तयारीने थांबला होता, तो बुचकळ्यात पडून निघून गेला.

रविवारी सकाळी काकूंनी हत्यारांच्या पेटीतला पाना त्यांच्यासमोर आणून ठेवला. “हा आला त्या दिवसापासून तुमचं अन्नावरचं मन उडालंय. मी काही विचारत नाही. पण पोरीचा नवरा घरी बसलाय.” एवढंच बोलून त्या आत गेल्या. काकांनी चपला घातल्या.

पोलीस चौकीत तोच पोलीस होता. आवारात गाडी उभी होती, एक पाय मोडल्यासारखी वाकलेली. काका तिच्याजवळ गेले. चाकाचे बोल्ट जागच्या जागी होते, एकही तुटलेला नव्हता. म्हणजे नट ओढून निघाले नव्हते, आपसूक फिरत फिरत सुटले होते. वकिलाचं तोंड तिथे बंद झालं.

“मला जबाब बदलायचाय,” त्यांनी आत जाऊन सांगितलं. “नट मी आवळले नव्हते. विसरलो. चूक माझी आहे.”

पोलीस वैतागला. “काका, गुरुवारी तर शंभर टक्के म्हणालात.”

“म्हणालो.”

“मग वेगाचं काय लिहू? जावई वेगात चालवतात की नाही? तुम्ही त्यांच्या गाडीत बसला असाल ना कधी?”

काकांनी आठवून पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदा लेकीकडे गेले तेव्हा जावई मागून आणलेल्या गाडीने स्टेशनवर घ्यायला आला होता, तर काका ‘नको, आम्ही आमचे येतो’ म्हणून रिक्षाने गेले होते. एकदा काकू आजारी असताना त्याने गाडी चालवतो म्हटलं, तर काकांनी किल्ली दिली नव्हती. त्याच्या बसमध्ये ते कधी चढले नव्हते.

“नाही,” ते म्हणाले. “कधीच नाही.”

“एकदाही नाही?”

“नाही.”

पोलिसाने त्यांच्याकडे पाहिलं. तो त्यांच्या लेकीच्या वयाचा होता. रागावला असता तर बरं झालं असतं, पण तो नुसता मान खाली घालून लिहायला लागला. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नट विसरणं हा हाताचा गुन्हा होता. कधी न बघताच ‘वेग’ म्हणणं हा दुसरा कुठल्या अवयवाचा, ते त्यांना नीट ठाऊक होतं.

तिथून ते लेकीकडे गेले. दार जावयाने उघडलं. घरात तो बनियनवर होता, काकांना बघून घाईने शर्ट घालायला वळला. “बाबा, या ना. फोन करायचा, मी आलो असतो.” सासरा आला म्हणून शर्ट शोधणाऱ्या त्या माणसाकडे काकांना बघवेना. शर्टाची बटणं लागायच्या आत त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. टेम्पो, पाना, भिंत, नट, आणि बदललेला जबाब.

लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. कपाळावर पट्टी होती. “मी त्यांच्या शेजारी बसले होते बाबा,” ती म्हणाली. “स्टिअरिंग थरथरायला लागलं तेव्हाच यांनी वेग कमी केला होता, कडेला घेत होते. तो कमी केला म्हणून आम्ही वाचलो. मला कुणी विचारलंच नाही. पोलिसांनी नाही आणि तुम्हीही नाही.”

“चुकलं माझं,” काका म्हणाले.

“नट राहतात हो,” जावई म्हणाला. “माणसाचा हात आहे, राहतात. त्याचं मला काही नाही.” एवढ्या वर्षांत तो हसल्याशिवाय बोलतोय असं काका पहिल्यांदाच बघत होते. “पण ते वेगाचं का म्हणालात?”

काकांजवळ आयुष्यभराची मतं होती. त्यातलं एकही इथे कामाचं नव्हतं.

“तुम्ही ड्रायव्हर आहात म्हणून,” ते म्हणाले. “दुसरं काहीच कारण नव्हतं.”

लेकीने तोंड फिरवलं आणि ती आत गेली. जावई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

“काल पोलिसांचा कागद आला आणि डेपोत साहेबांनी सगळ्यांना बोलावलं,” तो म्हणाला. “माझ्या तोंडावर सांगितलं, याचा खुद्द सासरा म्हणतो की हा गाडी दामटतो. माझ्याबरोबर वर्षानुवर्षं काम करणारी माणसं होती ती. एकही माझ्याकडे बघेना. मी काय बोलणार? घरच्याच माणसाने म्हटलेलं.”

“मी आज जातो साहेबांकडे. केबिनमध्ये बसून त्यांना सगळं नीट—”

“केबिनमध्ये नको. सकाळी पाळी बदलताना सगळे ड्रायव्हर पटांगणात असतात. तिथे सांगा. नटांचं सांगा. आणि आत्ता जे म्हणालात ना, का म्हणालात ते, तेही सांगा. याच शब्दांत.”

भाषणाला माणसं मिळावीत म्हणून काकांनी रविवारचे रविवार रस्त्यावर उभं राहून घालवले होते. आता अख्खं पटांगण मिळत होतं. त्यांना दिसलं, आपण मध्ये उभे आहोत, भोवती ड्रायव्हरच ड्रायव्हर, आणि आपण त्यांना सांगतोय की मी तुम्हाला काय समजतो.

“ते दुसरं सांगायलाच हवं का?” त्यांनी विचारलं. विचारता विचारताच त्यांचे कान तापले.

जावयाने नजर वळवली नाही. आत लेकीने कपबशा खाली ठेवल्याचा आवाज आला आणि मग तीही ऐकायला थांबली असावी.

“सांगतो,” काका म्हणाले. “किती वाजता येऊ?”