एकशे शहात्तर पानांनंतर

मित्रांनो, मी एक जुनी प्रत आहे. ‘वाळूवरचे गलबत’ हे माझे नाव. विश्रांतवाडीतल्या एका बुद्धविहाराच्या वरच्या खोलीत वाचनालय आहे. तिथल्या दुसऱ्या कपाटात मी राहते.

माझा मूळ लेखक परदेशातला, सव्वाशे वर्षांपूर्वीचा. अचाट प्रवासांच्या कादंबऱ्या लिहिण्यात त्याची हयात गेली. तो स्वतः मात्र आपल्या गावापासून फार लांब कधी गेला नाही, असे अनुवादकाने प्रस्तावनेत नोंदवले आहे. नकाशे, आगगाड्यांची वेळापत्रके आणि खलाशांची पत्रे टेबलावर पसरून त्याने पृथ्वी पालथी घातली. माझ्या कथेतला कप्तान शिडाच्या जहाजाला चाके बसवतो आणि वाऱ्याच्या जोरावर वाळवंट ओलांडायला निघतो.

मराठीत माझा जन्म १९७९ सालचा, पुण्यातल्या पेठेतल्या एका छापखान्यात. सोळा पानांच्या एका घडीला तिथे फर्मा म्हणत. माझे फर्मे बारा. लांब टेबलावर बारा ढीग लावलेले असत. कामगार टेबलाच्या कडेने चालत प्रत्येक ढिगातली एक घडी उचली आणि शेवटच्या ढिगापाशी एक प्रत पुरी होई. माझ्या वेळी अकरावा फर्मा दोनदा उचलला गेला आणि बारावा राहिला.

त्यामुळे माझ्या एकशे शहात्तराव्या पानावर पाणी संपलेला कप्तान वाळूची टेकडी चढतो, माथ्यावर पोचतो, ‘पलीकडे पाहतो आणि’ – पुढे पुन्हा पान एकशे एकसष्ट. तोच कप्तान, तेच मोडलेले शीड.

वाचनालयात मी आले तेव्हा कौशल्याताई तिथे नुकत्याच ग्रंथपाल झाल्या होत्या. पहिल्या वाचकाने, कारखान्यातली पाळी संपवून आलेल्या समाधानने, मला त्यांच्यासमोर आपटले.

“ताई, ह्या माणसाला वर चढवून ठेवलंय आणि उतरवायला कोणी नाही!”

कौशल्याताईंनी पाने तपासली. “मग तूच उतरव,” त्या म्हणाल्या. त्यांनी वहीचे चार रेघी कागद माझ्या शेवटी चिकटवले.

समाधानने लिहिले, ‘पलीकडे त्याची बायको आणि पोरं डबा घेऊन उभी होती.’ दुसऱ्या कोणी तिथे रेल्वेचे स्टेशन वसवले. शाळेत शिपाई असलेल्या नंदाताईंनी लिहिले, ‘पलीकडे विहीर होती, आणि तू कोण, कुठला, असं त्याला कोणी विचारलं नाही.’ अकरा वाचकांनी अकरा शेवट लिहिले. त्या दिवसांत मी कपाटात क्वचितच असे. शेवट वाचण्यासाठी नव्हे, लिहिण्यासाठी लोक माझा क्रमांक लावत.

नंतर वाचक कमी झाले. माझ्या पाठीमागच्या चिठ्ठीवर शेवटची तारीख पडली ती २०११ सालची. बारा-तेरा वर्षे मला कोणी उघडले नाही. वरून धूळ, आतून कसर.

गेल्या वर्षी खोलीत अभ्यासिका करायचे ठरले. टेबलांसाठी दोन कपाटे हलवावी लागणार होती. सचिव हिंमतराव यादी घेऊन बसले. फाटलेली आणि अपुरी पुस्तके रविवारी रद्दीत. कौशल्याताईंनी मला यादीतून काढायला सांगितले.

“अहो, शेवट नसलेलं पुस्तक म्हणजे बूड नसलेला कप,” हिंमतराव म्हणाले. “तुम्ही त्यात चहा ओतणार?”

“अकरा जणांनी ओतलाय.”

“मग पुसून घ्या. नियम सगळ्यांना एक. पुरं असेल तर राहील.”

नियम ताईंनीच लिहिला होता. मला सुतळीने बांधून दाराजवळच्या गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवले गेले.

शनिवारी सकाळी एक गृहस्थ जिना चढून आले. मुलीकडे राहायला आले होते आणि वर्तमानपत्र वाचायला जागा शोधत होते. नाव बाबुराव. गठ्ठ्याजवळ ते थांबले. न विचारता त्यांनी सुतळी सोडली आणि मला थेट एकशे शहात्तराव्या पानावर उघडले. इतक्या वर्षांत कोणी मला असे उघडले नव्हते. त्यांनी पान उलटले. एकशे एकसष्ट.

ते दारातल्या खुर्चीवर बसले. “ताई, ही चूक माझी आहे.”

“काय म्हणताय?”

“मी तेव्हा वीस वर्षांचा. घड्या उचलता उचलता वाचायचो. अकराव्या ढिगाशी नेमका हा टेकडीवर पोचला. तेवढ्यात फोरमन ओरडला, ‘बाबू, ग्रंथपारायण घरी!’ गडबडीत पुन्हा अकरावाच उचलला आणि प्रत पुढं सरकवली. संध्याकाळी बाराव्याची एक घडी उरली, तेव्हा उमगलं. नोकरी जाईल म्हणून ती शर्टात घालून घरी नेली.”

“आणि?”

“आणि काय. तेव्हापासून दिसेल त्या वाचनालयात हे पुस्तक मागतो. सगळी पुरी निघतात.”

“ती घडी?”

“आहे. पानं अजून जोडलेलीच, कडा फाडून वाचली नाही. ज्याचा शेवट, त्याला आधी.”

हिंमतराव यादीवरून वर बघत म्हणाले, “उद्या दहाला रद्दीवाला येतोय.”

“मी नऊला येतो,” बाबुराव म्हणाले.

रविवारी ते पावणेनऊला आले. पिशवीत सुई, दोरा, खळ आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली घडी. त्यांनी माझी शिवण उसवली, जादा अकरावा फर्मा काढला, बारावा बसवला. टाके सरळ पडले. रेघी कागद त्यांनी पुन्हा सर्वांत शेवटी शिवले. नवा फर्मा न कापलेला, म्हणून बाकीच्या पानांपेक्षा थोडा बाहेर आला.

“कडा कापून सारख्या करू?”

“नको,” कौशल्याताई म्हणाल्या. “दिसू दे.”

मग पाने सुटी व्हावीत म्हणून ताईंनी पट्टीने घडीच्या जोडलेल्या कडा तेवढ्या फाडल्या आणि मला बाबुरावांपुढे ठेवले. ते वाचत असताना रद्दीवाला येऊन गठ्ठे घेऊन गेला. हिंमतराव मात्र टेबलाशीच घुटमळत होते.

“काय होतं हो पलीकडं?” शेवटी त्यांनी विचारलेच.

“नाव नोंदवा आणि घरी न्या,” कौशल्याताई म्हणाल्या. “नियम सगळ्यांना एक.”

तेरा वर्षांनी माझ्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का बसला.

मित्रांनो, टेकडीपलीकडे काय होते ते मी सांगणार नाही. नंदाताईंचा अंदाज सर्वांत जवळचा होता, एवढेच सांगते. एक विनंती आहे. घरातले जुने पुस्तक रद्दीत टाकण्याआधी एकदा उघडून पाहा. त्याचे राहिलेले पान कोणीतरी कुठेतरी जपून ठेवले असेल. आणि विश्रांतवाडीला आलात तर दुसऱ्या कपाटात शोधा. जिची शेवटची सोळा पाने थोडी बाहेर डोकावतात, ती मी. रेघी कागदावर अजून अर्धे पान कोरे आहे.