सोमाजीची चड्डी कोणी खाल्ली

माजरीकडच्या त्या गावात दिव्यानीच्या एकरभर वावराला सगळे हसत. गवत, पालापाचोळा, आणि त्यातून वाट काढत उभी कपाशी. न्हावी गावाला गेल्यासारखं वावर, म्हणत. शेवटी तिचा सासरा सोमाजी तणनाशकाचा पंप पाठीवर घेऊन निघालाच.

दिव्यानी वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच, आडवी आली. "मामाजी, ही माती जित्ती आहे. पाला कुजवू-कुजवू जित्ती केली मी. दवा मारू देणार नाई."

"जित्ती आहे तं काय खाते?"

"सुती काईबी पुरा. खाते."

सोमाजी चिडला की मागचापुढचा विचार करत नसे. त्यानं दोरीवरच्या स्वतःच्या दोन नव्या पट्ट्यापट्ट्याच्या चड्ड्या ओढल्या. एक सुनेच्या वावरात पुरली, दुसरी शेजारच्या लटारूच्या. लटारू तण उगवायच्या आधीच दवा मारी. त्याचं वावर सारवलेल्या ओट्यासारखं. सुनेच्या मातीनं चड्डी खाल्ली नाही, तर पंप चालणार, असं ठरलं.

पोळ्याला पुरलेल्या चड्ड्या दसऱ्यानंतर उकरल्या. अर्धं गाव कामं टाकून आलं.

लटारूकडची अख्खी निघाली. झटकली, तर दुकानाचा शिक्काही शाबूत. दिव्यानीच्या खड्ड्यात गांडुळं निघाली आणि नायलॉनची नाडी. नाडीला अजून गाठ होती.

जिंकलो, असं दिव्यानीला वाटलं. तेवढ्यात लटारूनं चड्डी झेंड्यासारखी वर धरली. "माह्यं वावर इमानदार! ठेवलं ते जसंच्या तसं वापस. सोमाजीभाऊ, तुमच्या सुनेचं वावर चोट्टं आहे!"

गावानं टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं, पोलीस पाटलाला बोलवा. पाटील तिथंच होता. त्यानं गंभीरपणे नाडी ताब्यात घेतली.

सोमाजीनं सोबत भरून आणलेला पंप उचलला. "शर्त-बिर्त राहू दे. लोक हासून राह्यले."

"मारा दवा," दिव्यानी म्हणाली. "मंग आजपासून तुमची एकेक चड्डी मी इथीच पुरीन. धोतरंबी. हासतेच तं गाव पुरं हासू द्या."

ती खरंच पुरेल, याची सोमाजीला खात्री होती. त्यानं खड्ड्याशेजारी मातीत बोट खुपसलं. हात मनगटापर्यंत गेला. मग लटारूच्या वावरात जाऊन खुपसलं. नख मोडलं.

त्यानं पंप लटारूच्या पायाशी ठेवला. "घे. तुह्याच मातीले पाज. तिले तशीबी भूक नाई."

"आन् ही चड्डी?"

"घाल."

दिव्यानी खड्डा बुजवून वर पाला पसरत होती. "सरका ना बे," ती गावाला म्हणाली. "कुठी उभे आहा? माती दबून राह्यली."