मैदान मागायला येणारी माणसं

सुदर्शन डुंबरे सर रोज सकाळी कॉलेजच्या मैदानावर अनवाणी चालत. पाऊल टाकण्याआधी टाचेनं माती दाबून बघत. मऊ लागली की जागीच थांबत. घरातल्या फरशीवरही त्यांची टाच तशीच चाचपडते, हे त्यांच्या पत्नीनं, अश्विनीताईंनी, केव्हाच ओळखलं होतं. बोलून दाखवणं मात्र त्यांनी सोडून दिलं होतं.

सर जुन्नर तालुक्यातल्या त्या कॉलेजचे क्रीडा संचालक. त्याआधी बरीच वर्षं ते फुटबॉलचे प्रशिक्षक होते. त्या काळात एकदा मैदानावर सभेचा मांडव घातला गेला. सभा उरकली, खांबांच्या खड्ड्यांत वरवर माती लोटली गेली आणि दुसऱ्याच दिवशी सामना होता. मैदान खेळण्याजोगं नाही हे सरांना दिसत होतं. पण संस्थेपुढं बोलणार कोण? त्यांनी शिट्टी वाजवली. उजव्या बाजूनं चेंडू घेऊन सुटलेल्या, त्यांच्याच संघातल्या नवनाथचा पाय खड्ड्यात गेला आणि उसाचं कांडं मोडावं तसा आवाज झाला. तेव्हापासून, उसाच्याच मुलखात राहूनही, कुणी शेजारी ऊस मोडला तरी सर उठून जात. नवनाथ भीमाशंकरच्या वाटेवरच्या शिनोली गावचा, म्हणून त्या वाटेनं जाणंही त्यांनी टाळलं होतं.

आणि आता संस्थेचे सचिव बाळासाहेब मुलीच्या लग्नासाठी मैदान मागत होते. लग्नानंतर लगेच तिथंच मुलींचे सामने होते.

"अहो सर, पोरी काय, परत खेळतील. लग्न एकदाच होतं," बाळासाहेब हसत म्हणाले होते. सरांनी नेहमीसारखी होकाराची मान हलवली होती.

मांडववाल्याचा टेम्पो आला, तेव्हा गोलरक्षक हर्षाली आणि तिच्या मैत्रिणी हातात बूट घेऊन कडेला उभ्या होत्या. टेम्पोतून ठेकेदार उतरला. तो लंगडत होता.

"तू?" सर त्याच्या पायाकडं बघत म्हणाले. "हे काम करतोस?"

"पोटाला पायजे ना, सर. ह्या पायानं पळता येत न्हाई, मांडव घालता येतो." नवनाथनं पहार उचलली.

"अरे, पण इथं? तुझा पाय इथंच..."

"मी न्हाई म्हणलं तर दुसरा मांडववाला येईल, सर. तुमी न्हाई म्हणलं तर कुणीच येणार न्हाई." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सरांना सोसवेना. "तुमीच शिकवलं व्हतं, आपल्या गड्याच्या मागून समोरच्या संघाचा कुणी आला की वरडायचं. गप ऱ्हातो तो आपल्याच गड्याला पाडतो. त्या दिवशी तुमी गप व्हता."

त्यानं पहार वर नेली. ती खाली येण्याआधी सर पुढं झाले आणि त्या जागेवर उभे राहिले.

"थांब! इथं खड्डा पडणार नाही."

त्यांनी तिथूनच बाळासाहेबांना फोन लावला. पलीकडून आधी हसू आलं, मग आवाज चढला, मग सरांच्या जवळ आलेल्या निवृत्तीची आठवण करून दिली गेली. सर म्हणाले, "मांडव घालायला नवनाथच आलाय. याच मैदानावर ज्याचा पाय मोडला, तो. एकदा येऊन त्याला चालताना बघा, मग मागा." पलीकडून फोन बंद झाला.

लग्न बाळासाहेबांच्या स्वतःच्या, पीक निघालेल्या रानात झालं. मांडव नवनाथनंच घातला. सरांना पत्रिका आली नाही. मुलींचे सामने मात्र ठरल्या दिवशी सुरू झाले. हर्षालीनं पहिली झेप घेतली तेव्हा सरांनी डोळे मिटले होते. ती उठल्याचा गलका ऐकल्यावरच त्यांनी ते उघडले.

सकाळी सर अजूनही टाचेनं माती दाबत चालतात. ती सवय जाणार नाही.

वाचकहो, आपल्याही गावात एखादं मैदान असेल. ते मागायला येणारा माणूस ओळखीचा असतो, बहुधा मोठाही असतो. तरी त्याला नाही म्हणायला शिकू या. कारण पाय मोडतो तो मागणाऱ्याचा नसतो, आणि मान हलवणाऱ्याचाही नसतो.