मनगटात नसलेली नाडी

मनगट

शिरूरच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर श्वासनाथ महाराजांनी डोळे मिटले, दोन्ही दंड बरगड्यांना घट्ट चिकटवले आणि माइकवाल्या शिष्याने जाहीर केलं, की महाराज आता काळीज बंद करणार. खात्री करायची त्यांनी नाडी बघावी.

लोक रांगेने बघत होते. न्हाई. खरंच न्हाई. बाया हात जोडत होत्या.

रांगेत यवतचे सोपानराव होते. वय चौऱ्याहत्तर. शेवंतीचे बागायतदार. काळजाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या. सोमवारी पुण्यात बायपास. त्यात काळीज थांबवतात हे कळल्यापासून त्यांना काहीच वाटेनासं झालं होतं. भीतीसुद्धा नाही. ताट आलं की जेवायचे. बायको धुरपदा म्हणाली शिरूरला चला, तर शिरूरला.

शिष्य सांगत होता, "डॉक्टर बी काळीज थांबवतो. म्हाताऱ्याचं परत चालू झालं तर झालं. महाराज थांबवत्यात आन् हसत चालू करत्यात. भस्म छातीला लावा. पथ्य न्हाई, साइड इफेक्ट न्हाई. फक्त शंका घ्यायची न्हाई."

धुरपदाचं ठरलंच होतं. सोमवारी पुण्याला जायचं नाही.

मान

सोपानरावांनी महाराजांचं मनगट धरलं. गार. नाडी नव्हती.

मग त्यांची दोन बोटं महाराजांच्या जबड्याखाली गेली. ऑपरेशनआधीच्या तपासणीत त्यांच्या स्वतःच्या मानेवर तिथंच यंत्र फिरवलं होतं आणि आतलं रक्त धावताना त्यांनी ऐकलं होतं.

ठक. ठक. ठक.

"इथं चालू हाय की," सोपानराव म्हणाले. आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता. बाजारात शेवंतीचा भाव सांगावा तसं.

शिष्य धावला. महाराजांना असं शिवायचं नसतं, समाधी मोडते, वगैरे.

काख

धुरपदाला नवऱ्याची लाज वाटली. महाराज खरे ठरायलाच हवे होते तिला. पुढे होऊन तिने विनवलं, "ह्यांच्याकडं लक्ष देऊ नका. हात वर करून आशीर्वाद द्या, म्हंजी समद्यांची शंका जाईल."

महाराज हलेनात. तेव्हा तिनेच भक्तीने त्यांचं कोपर उचललं.

काखेतून रबरी चेंडू पडला, टप्पे खात पहिल्या रांगेत गेला. कुणीतरी हसलं. धुरपदा हसली नाही. ती खालीच बसली.

काखेतून हाताला जाणारी धमनी चेंडूने दाबली, की मनगटातली नाडी लागत नाही. काळीज आपलं चालूच असतं. कुणालाही करून बघता येतं. चमत्कार एवढाच.

छाती

रविवारी पुण्यात धुरपदाने सर्जनबाईंना विचारलं, "परत चालू व्हईल, ह्याची ग्यारंटी देता?"

"नाही, आजी."

धुरपदाला शिरूर आठवलं. महाराजांनी तर दिली होती.

मग बाईंनी सांगितलं, की काळजाचा रक्तपुरवठा तोडला की ते उपाशी पडतं. म्हातारं काळीज उपास कमी सोसतं, आणि रक्त एकदम परत सोडलं तर त्यानेही इजा होते. म्हणून थंडगार औषध सोडून ते निजवायचं. निजलेलं, थंड काळीज कमी मागतं. तेच औषध मधूनमधून पुन्हा द्यायचं. तोवर अंगाला रक्त यंत्र पुरवतं. तरी धोका उरतो, आणि तो किती, तेही बाईंनी लपवलं नाही.

सोपानरावांनी सगळं ऐकलं. त्यांना अजूनही काही वाटत नव्हतं. "उद्या करा," ते म्हणाले.

खात्री देणाऱ्याकडे माणूस धावतो, कारण भ्यालेल्याला खात्रीच हवी असते. पण तपासू देत नाही त्याची खात्री घेऊ नका. 'नाही' म्हणून पुढे कारण सांगतो, त्याच्याजवळ बसा. विचारा. उत्तर कळलं नाही तर पुन्हा विचारा.

धुरपदा उठली नव्हती.

"आन् निजलेलं जागं कसं करता?"

सर्जनबाईंनी खुर्ची पुढे ओढली.